लीड्सचं वेळापत्रक आणि साताऱ्याचं गवत

प्रश्न असा आहे: आम्ही साताऱ्यात शाहूनगरला राहतो. घरापुढे दीड गुंठा लॉन आहे, कोरियन ग्रास. मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला असते. तिच्या घरामागचं लॉन बघत राहावं असं आहे. तिने तिकडचं बारा महिन्यांचं वेळापत्रक पाठवलं, सुट्टीत आली तेव्हा राय ग्रासचं बीही आणलं. त्याबरहुकूम सप्टेंबरात बी विसकटलं, एप्रिलच्या सुरुवातीला दाताळ्याने गवत खरवडून काढलं, वरून युरिया दिला, रोज संध्याकाळी पाणी शिंपडलं. आता एप्रिल संपत आला, तर जागोजागी टक्कल पडलं आहे आणि उरलेलं गवत पिवळं. काय चुकलं? वर्षभर नेमकं काय करावं? अर्धं बी शिल्लक आहे, त्याचं काय करू?

काका, तुमच्या कष्टात काही कमी नाही आणि मुलीचं वेळापत्रकही खोटं नाही. ते दुसऱ्या गवताचं आहे, एवढंच. बावीस वर्षं मी सातारा, वाई, पाचगणी या पट्ट्यात लॉन लावतो आणि सांभाळतो. अशी लॉन दरवर्षी उन्हाळ्यात चार-दोन तरी बघायला मिळतात: माणसाने मन लावून सगळं केलेलं असतं आणि नेमकं त्यामुळेच गवत गेलेलं असतं.

आधी गवताची जात समजून घ्या. शेतीच्या भाषेत सांगतो, म्हणजे कायमचं लक्षात राहील. गहू थंडीत का पेरतात आणि उसाला वाढायला ऊन का लागतं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. गवतातही हेच दोन गट आहेत. राय, फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास ही तिकडची गवतं गव्हाच्या वळणाची. १५ ते २४ अंशांत ती जोमात असतात, पारा तिशीच्या पुढे गेला की धापा टाकतात. आपली हरळी, नर्सरीत सिलेक्शन वन म्हणून मिळतं ते, आणि कोरियन किंवा मेक्सिकन म्हणून विकली जाणारी बहुतेक झॉयशिया कुळातली गवतं, ही ऊस, मका, बाजरी यांच्या वळणाची. त्यांना २७ ते ३५ अंश मानवतात. सूर्यप्रकाशातून साखर करण्याची यांची पद्धतच वेगळी असते, उन्हात कमी पाण्यावर जास्त काम करणारी. थंडी पडली की मात्र ती हात आखडतात.

आता लीड्सचं वर्ष बघा. तिथे पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडतो आणि भर जुलैतही दुपार साधारण वीस-एकवीस अंशांची. जमीन सहा अंशांच्या वर गेली की गवत हलायला लागतं, म्हणजे मार्च-एप्रिल. मे-जूनमध्ये वाढीचा मोठा भर, मग सप्टेंबरात दुसरा, छोटा. म्हणून तिथे एप्रिलमध्ये खरवडणं बरोबर, कारण पुढे दोन महिने जखम भरायला मिळतात. सप्टेंबरात बी टाकणंही बरोबर: जमीन अजून ऊबदार असते, पाऊस असतो, तण मंदावलेलं असतं. हिवाळ्यासाठी कमी नत्राचं खत देतात, कारण कोवळी फूट थंड ओलाव्यात बुरशीला बळी पडते. गवतावर हिम गोठलेलं असताना त्यावर चालायचं नाही, कारण गोठलेली पाती पायाखाली मोडतात आणि नंतर पावलांचे काळे ठसे उमटतात. ही सगळी शहाणपणाची कामं आहेत, पण त्या मातीतली.

तुमच्याकडे काय झालं, ते आता सरळ दिसेल. सप्टेंबरात टाकलेलं राय ऑक्टोबरात उगवलं, दिवाळीपासून जानेवारीपर्यंत छान हिरवंगार दिसलं असणार. त्या काळात तुमचं मूळचं कोरियन गवत थंडीमुळे सुस्त होतं. त्याच्या वाट्याचं ऊन, पाणी, खत रायने घेतलं. मार्चमध्ये ऊन तापलं तसं राय मेलं आणि खालचं गवत अशक्त उरलं. त्यावर एप्रिलमध्ये तुम्ही दाताळं चालवलं. बुडख्यांवर जी सावली होती ती गेली आणि उन्हाने कोंब भाजले. युरिया कोरड्या गवतावर पडून तसाच राहिला असेल, तर भाजल्यासारखे जे गोल डाग दिसत असतील ते त्याचे. आणि रोज संध्याकाळी पाच-दहा मिनिटं पाणी शिंपडलं की वरचा बोटभर थरच ओला होतो, मुळं तिथेच घुटमळतात. शाहूनगर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, तिथे बहुतेक प्लॉटना वर चार बोटं माती आणि खाली मुरूम. त्यात मुळं वरच राहिली तर मे महिना काढणं कठीण.

एक लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी लॉनमध्ये पाच-सहा ठिकाणी दाबून बघा. १५ सेंटिमीटर सहज गेला तर माती बरी. पाच-सात सेंटिमीटरवर अडकला तर खाली मुरूम किंवा बांधकामाचा राडारोडा आहे. तशा जागी कितीही खत घातलं तरी गवत जीव धरणार नाही, तिथली माती एकदा बदलावीच लागेल. ते काम जूनमध्ये.

आत्ता, म्हणजे पाऊस येईपर्यंत, रासायनिक खत एक कणही नको. खरवडणं नको. मशीनचं पातं वर घ्या, चार-पाच सेंटिमीटरला. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्सा काढायचा, त्याहून जास्त कधीच नाही. हा नियम लीड्सलाही तोच आणि साताऱ्यालाही तोच. टक्कल पडलेल्या जागी चाळलेलं कुजलेलं शेणखत अर्धा सेंटिमीटर पसरा आणि वर उसाच्या पाचटाचा विरळ थर टाका. माती तापत नाही, आणि खाली जिवंत असलेले कोंब जूनमध्ये आपोआप वर येतात. पाचट वळवाचे दोन पाऊस झाले की उचला.

पाण्याचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून बघावा असा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. मे महिन्यात असं लॉन हिरवं ठेवायचं तर आठवड्याला सुमारे २५ मिलिमीटर लागतात, म्हणजे गुंठ्याला अडीच हजार लिटर, तुमच्या दीड गुंठ्याला पावणेचार हजार. हे पाणी दोन पाळ्यांत, पहाटे चार ते सात या वेळात द्या. लॉनवर चार-पाच रिकामे सपाट डबे ठेवा, स्प्रिंकलर चालू करा, डब्यांत सव्वा सेंटिमीटर पाणी साठायला किती मिनिटं लागतात ते घड्याळावर बघा. तेवढी मिनिटं म्हणजे एक पाळी. डब्यांमध्ये कमी-जास्त पाणी भरलं तर स्प्रिंकलरची जागा बदला. संध्याकाळचं पाणी बंद करा, रात्रभर ओलं राहिलेलं गवत बुरशीला बोलावतं.

आणि पाणी नसेल तर? तेव्हा गवताला झोपू द्या. मी हे सगळ्यांना आग्रहाने सांगतो. आपल्याच जिल्ह्यात माणच्या गावांत मे महिन्यात टँकरची वाट बघत घागरी रांगेत लागतात, आणि इकडे पिण्याच्या पाण्यावर लॉन हिरवं ठेवणं मनाला पटत नाही. हरळी आणि कोरियन दोन्ही तपकिरी होऊन तग धरू शकतात. पंधरा दिवसांतून एकदा १२ मिलिमीटर पाणी, तेही न्हाणीतलं, साबण फार नसलेलं, एवढ्यावर बुडखे जिवंत राहतात. त्या काळात त्यावर चालायचं नाही, कापायचं नाही. मृगाचा पाऊस पडला की पंधरवड्यात गवत हिरवं होतं. वाळलेलं गवत मेलं म्हणून लोक उपटून टाकतात आणि मातीसकट कापलेल्या तयार गवताच्या नव्या चादरी विकत आणतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

वळीव पडायला लागला की एक काम चुकवू नका: हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी. ऊसवाल्यांना तिची ओळख करून द्यायला नको, पण बंगलेवाल्यांना ती लॉनमध्ये असते हेच माहीत नसतं. मे-जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर दिवेलागणीला जमिनीतून तपकिरी भुंगेरे बाहेर येतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर पाला खायला जमतात. तिथेच त्यांचं मीलन होतं, माद्या परत जमिनीत येऊन अंडी घालतात. नंतर अळ्या मुळं खायला लागतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात त्या मोठ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या, पांढऱ्या असतात आणि सर्वांत जास्त नुकसान तेव्हाच करतात. पाऊस भरपूर असूनही गवत पिवळं पडतं. हाताने ओढलं तर चटईसारखं उचलून हातात येतं, कारण खाली मुळंच उरलेली नसतात. साळुंक्या आणि बगळे लॉन एकसारखे टोचत असतील तर ते आधी तपासा. फूटभर लांब-रुंद चौकोन कापून उलटा करा. पाच किंवा जास्त अळ्या सापडल्या तर उपाय करायला हवा.

पण खरा उपाय भुंगेऱ्यांवर, कारण या किडीची वर्षाला एकच पिढी होते. एक मादी मेली की तिच्या पुढच्या साऱ्या अळ्या टळल्या. वळवानंतरच्या आठ-दहा संध्याकाळी, साडेसात ते नऊच्या दरम्यान, अंगणातल्या कडुनिंबाच्या फांद्या काठीने हलवा, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. एकट्याने करून फारसा उपयोग होत नाही, गल्लीतल्या चार घरांनी मिळून करा. जून-जुलैत मेटारायझियम ही मित्रबुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल्या मातीवर पसरा, हलकं पाणी द्या. आणि कच्चं शेणखत लॉनमध्ये कधीही टाकू नका. हुमणीच्या अळ्या आणि तणाचं बी, दोन्ही त्यातूनही घरात येतात. खत हातात घेतल्यावर शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे.

आपल्या गवताचं नवं वर्ष मृगात सुरू होतं. तुमच्या मुलीला सप्टेंबर जसा, तसा आपल्याला जूनचा दुसरा आठवडा ते जुलै. खरवडणं, भोकं पाडणं, माती देणं, नवी लागण, पोट भरून खत, सगळं तेव्हा. दोन चांगले पाऊस झाले, जमीन हातभर ओली झाली की पातं खाली घेऊन, पण दोन-तीन कापण्यांत टप्प्याटप्प्याने, गवत अडीच सेंटिमीटरवर आणा. वाळक्या काड्यांचा थर बोटाच्या पेरापेक्षा जाड असेल तर तेव्हा दाताळं चालवा. मग बागेचा काटा आठ-दहा सेंटिमीटर खोल घुसवत, वीतभर अंतराने भोकं पाडत जा. अंगमेहनतीचं काम आहे, पण एवढं एकच केलं तरी फरक दिसतो. त्या भोकांत चाळलेला पोयटा, बारीक वाळू आणि कुजलेलं खत यांचं मिश्रण झाडूने सारून घ्या. थर अर्धा सेंटिमीटर, पात्यांची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत.

टकलाच्या जागी बी नको. लॉनच्या चांगल्या भागातून, कडेकडेने, काडेपेटीएवढे गवताचे ठोकळे मातीसकट काढा आणि वीतभर अंतरावर लावा. कोरियन हळू सरकतं, जागा भरायला एक पावसाळा पुरा जाईल, कदाचित दुसऱ्याची सुरुवातही. घाई असेल तर चादरी आणा, पण चादरीच्या खालच्या मातीत लव्हाळ्याच्या गाठी नाहीत ना, हे दुकानातच उलटून बघा.

लव्हाळा म्हणजे तिकोनी देठाचं ते तण. खुरप्याने वरवर काढलं की जमिनीतली गाठींची माळ तुटते आणि तुटलेली एकेक गाठ नवा कोंब काढते. पावसाळ्यात माती मऊ असते तेव्हा खोलवर खणून माळेसकट काढायचं, आणि हे सलग दोन-तीन पावसाळे करायचं. फारच पसरला असेल तर उसात लव्हाळ्यासाठी वापरतात ते हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल हरळी आणि कोरियन दोन्हींना सोसतं, लेबलवरच्या प्रमाणातच वापरा. रुंद पानांच्या तणासाठी २,४-डी मारायचा मोह होतो. तो टाळा. वाऱ्यावर उडालेला एवढासा फवारासुद्धा द्राक्ष आणि टोमॅटोची पानं वेडीवाकडी करतो. तासगावच्या बागायतदारांना विचारा. गुंठा-दीड गुंठ्यातलं घोळ, केना, आंबुशी खुरप्याने निघतं.

खताचं माप: एका वेळी गुंठ्याला एक किलो युरिया ही कमाल मर्यादा. मी अर्धा किलोच देतो, महिन्याने पुन्हा अर्धा. जूनअखेर, जुलैअखेर, सप्टेंबर असे तीन हप्ते. गवत कोरडं असताना खत पसरायचं आणि लगेच पाणी द्यायचं, म्हणजे पात्यावरचे दाणे मातीत उतरतात. झडीच्या दिवसांत दिलेलं खत वाहून ओढ्याला जातं, उघडीप बघून द्या. तुम्ही उतारावर आहात म्हणून हे जास्त सांगतो. सांगलीकडच्या, कृष्णाकाठच्या काळ्या चुनखडीच्या मातीत वेगळीच अडचण येते: खत देऊनही पातं फिकट पिवळं, शिरा मात्र हिरव्या. ती लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे गवताला ते उचलता येत नाही. तिथे लिटरला पाच ग्रॅम हिराकस विरघळवून सकाळी फवारायचं, चार-पाच दिवसांत रंग बदलतो. फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत.

श्रावणात दर आठवड्याला कापा, पण ओलं गवत कापू नका. पात्याला धार ठेवा. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, आणि फाटलेली टोकं दुसऱ्या दिवशी पांढरी दिसतात. पाणी कुठे साचतंय ते भर पावसात छत्री घेऊन बघून या आणि खुणा करून ठेवा, उघडीप मिळाली की तो खळगा पोयट्याने भरा. भिंतीपासून बाहेर मीटरला दोन सेंटिमीटर उतार पुरतो. गौरी-गणपतीत शेजारच्या बायकामुलं दूर्वा खुडायला येतील. दूर्वा म्हणजे आपली हरळीच. लॉनच्या कडेला हाताएवढा पट्टा हरळीचा सोडा आणि त्यावर वर्षभर कोणतंही औषध मारू नका. मी माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तसा पट्टा राखायला लावतो.

हस्त संपला की पाण्याची पाळी पुन्हा सुरू करा. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं आणि पावसाळ्यात आळसावलेली मुळं लगेच सुकतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर नत्र बंद. थोडं पोटॅश चालेल. त्यानंतर थंडीत करण्यासारखं फारसं काही नसतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा-बारा अंशांवर आल्या की गवत फिकट पडणारच. ते आजारी नाही, त्याला खत घालून उठवू नका. दहा-बारा दिवसांनी एक पाणी. मग शिवरात्रीच्या सुमारास रात्रीची थंडी मोडली की एकदा बुटकं कापून वाळकं झाडून घ्या आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात अर्धा किलोचा एक हप्ता द्या, पुढे पाणी पुरणार असेल तरच. म्हणजे मुलीच्या वेळापत्रकातला मार्च तेवढा आपल्याशी जुळतो.

आंब्याखालची जागा असेल तर तिथे हट्ट धरू नका. रोज पाच-सहा तास थेट ऊन नसेल तिथे यातलं कोणतंच गवत दाट होत नाही. पाला पडू द्या, दोन खुर्च्या मांडा.

राहिलेल्या बियांचं सांगतो. जिल्ह्यात त्याला थोडीफार जागा आहे ती वर, पाचगणी-महाबळेश्वरला. तिथली लाल जांभ्याची माती आम्ल, पाऊस महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर (आपल्या साताऱ्यात हजाराच्या आसपास), थंडीत कधीकधी वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, आणि गवतातलं शेवाळ तर लीड्सच्या लॉनमध्ये असतं तसंच. तिथे ऑक्टोबरअखेर राय टाकलं तर हिवाळाभर हिरवं राहतं, उन्हाळ्यात जातं, हे कबूल करूनच टाकायचं. तुमच्या लॉनमध्ये ते पुन्हा नको. हौस असेल तर नोव्हेंबरात एका पसरट कुंडीत पेरा, मुलीला फोनवर दाखवा. तोपर्यंत पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या थंड जागी ठेवा, दोन वर्षं तरी त्याची उगवण बरी राहते.